दही-साखर न घेता दिलेली परीक्षा

शाळेचा मेसेज आला तेव्हा आई पोळ्या लाटत होती. फोन ओट्यावर उभा होता, पिठाच्या बोटाने तिने तो उघडला आणि लाटणं थांबलं.

"उद्या तुझी एन्ट्रन्स आहे?"

"एन्ट्रन्स नाही गं, एसएटी. कॉलेजला अर्ज करताना जिचे गुण दाखवतात ती. शाळेतच आहे."

"शाळा सुटल्यावर?"

"शाळेच्या वेळातच. सकाळी. मग जेवण, मग सहावा नि सातवा तास."

"एन्ट्रन्स झाल्यावर तास?" आईने हे ज्या सुरात विचारलं तो सूर मला अजून आठवतो. मंगळसूत्र घालून झाल्यावर नवऱ्या मुलाला ऑफिसला पाठवतात का, असा.

तिला धक्का बसणं साहजिक होतं. आमच्या घराने पाहिलेली शेवटची प्रवेश परीक्षा म्हणजे माझ्या मामेभावाची, दादाची. आम्ही तेव्हा नाशिकलाच होतो. दादा बारावीत गेला आणि मामाच्या घरी टीव्हीवर चादर पडली. खरोखरची चादर. मामीने भिशी सोडली. जेईईच्या दिवशी केंद्र आडगावच्याही पुढे, म्हणून आदल्या दिवशी मामा स्कूटरवरून जाऊन गेट बघून आला. सकाळी देवापुढे दिवा, हातावर दही-साखर, आणि गेटवर पोचल्यावर सुरक्षारक्षकाने दादाच्या मनगटावरचा दोरा काढायला लावला. मामीने तो दोरा पदराला बांधून ठेवला आणि तीन तास मामासोबत निंबाखाली बसून काढले. पुढे एमएचटी-सीईटीला हेच सगळं पुन्हा झालं, फक्त ऊन जास्त होतं. मी तेव्हा आठवीत होते. परीक्षा मुलगा देतो, पण दमतं सगळं घर, हे मी तेव्हाच शिकले.

आणि इथे मी आदल्या संध्याकाळपर्यंत परीक्षा कधी आहे ते घरी सांगितलंही नव्हतं. लपवलं नव्हतं, सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

2022 साली, माझी नववी संपल्यावर, आम्ही मिशिगनला आलो. बाबा गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत आहेत, आणि डेट्रॉइटच्या पश्चिमेला उपनगरांची जी रांग आहे त्यातल्या एकात आम्ही राहतो. या राज्यात सरकारी शाळेतल्या अकरावीच्या सगळ्याच मुलांना एसएटी द्यावी लागते. कॉलेजला जायचं असो, नसो. शाळेत, शाळेच्या दिवशी, फुकट. 2016 पासून एसएटी आहे, त्याआधी 2007 पासून याच पद्धतीने एसीटी नावाची दुसरी परीक्षा होती. फुकट यासाठी की राज्याला यातून शाळाही मोजायच्या असतात. म्हणजे मी परीक्षा देत होते आणि माझ्या आडून शाळाही देत होती. आमचे मुख्याध्यापक त्या आठवड्यात कॉरिडॉरमध्ये प्रत्येकाला नावाने हाक मारत होते, त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं.

ज्यांना आणखी हवी त्यांनी शनिवारी पैसे भरून द्यायची. आमच्या वर्गातल्या निम्म्या देशी मुलांनी ती डिसेंबरात किंवा मार्चमध्ये आधीच देऊन टाकली होती, क्लास लावून. त्यांच्यासाठी शाळेची परीक्षा म्हणजे आणखी एक फेरी. मी क्लास लावला नव्हता. थोडी कंजूषी, थोडा आळस.

तो 2024 चा एप्रिल होता. अमेरिकेत एसएटी कागदावरून संगणकावर आली त्याचा पहिलाच हंगाम. शिवाय 8 तारखेला सूर्यग्रहण, आमच्याकडे जवळजवळ खग्रास, आणि लगेच पाडवा. आजीने नाशिकहून व्हिडिओ कॉलवर बजावलं होतं की ग्रहणात काही खायचं नाही. मी त्या वेळी अंगणात कागदी चष्मा लावून चिप्स खात होते. परीक्षा त्यानंतर काही दिवसांनी आली, आणि ग्रहणात खाल्लं ते परीक्षेत दिसेल, अशी पुसट भीती माझ्या मनात होती हे मी इथे कबूल करते.

शाळेतली तयारी म्हणाल तर इंग्रजीच्या तासाला दोनदा ब्लूबुक उघडून सराव केला होता. ब्लूबुक म्हणजे ज्या ॲपवर ही परीक्षा होते ते. आदल्या दिवशी शेवटच्या तासाला आम्ही वर्गाच्या भिंती झाकल्या. हे मला फार आवडलं. भिंतीवरचे नकाशे, व्याकरणाचे तक्ते, स्पॅनिशची क्रियापदं, सगळ्यावर तपकिरी कागद चिकटवायचा, कारण भिंतीवरून कुणाला मदत होता कामा नये. एक मुलगा घड्याळही झाकायला निघाला होता. त्याला खाली उतरवलं.

सकाळी शाळा वेगळीच होती. बारावीची मुलं घरी, नववी-दहावीची मुलं त्यांच्या पीएसएटीला (एसएटीची रंगीत तालीम), घंटा बंद. घंटेशिवाय शाळा म्हणजे कुकरची शिट्टी न होणारं स्वयंपाकघर. काहीतरी चाललंय पण कळत नाही. इथे तासाला 'अवर'च म्हणतात, फर्स्ट अवर, सेकंड अवर, त्यामुळे मला मराठीत विचार करायला ती एक गोष्ट सोपी गेली होती. त्या दिवशी तासच नव्हते. कॅफेटेरियात ग्रॅनोला बार आणि संत्री ठेवली होती. भिंतीवर आडनावांच्या याद्या. मी यादीत खोली शोधली, स्पॅनिशची निघाली. म्हणजे कागद मीच लावला होता तीच.

दारात झडती नाही. ओळखपत्रही नाही, कारण बाई ओळखत होत्या. फोन बंद करून एका लिफाफ्यात, लिफाफा टोपलीत. एवढंच. मला उगाच अपमान झाल्यासारखं वाटलं. दादाच्या मनगटावरचा दोरासुद्धा ज्यांना धोक्याचा वाटला त्या परीक्षेशी तुलना करता ही परीक्षा मला गंभीरपणे घेतच नव्हती.

मग तिकिटं वाटली. कागदाची लहानशी चिठ्ठी, तिच्यावर नाव आणि क्रमांक. क्रोमबुकवर, म्हणजे शाळेच्या लॅपटॉपवर, नेहमीच्या खात्यात शिरायचं नाही, सुरुवातीच्याच पडद्यावर खाली कोपऱ्यात ब्लूबुक असतं तिथून उघडायचं, म्हणजे मागे दुसरं काही चालू राहत नाही. मी उघडलं, चिठ्ठीवरचं नाव टाईप केलं. माहिती जुळत नाही. पुन्हा केलं. जुळत नाही.

शाळेत आल्यापासून माझ्या नावाचं हेच चालू आहे. माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव हा आपला साधा सरळ क्रम इथल्या फॉर्मला पचत नाही. बाबांचं नाव कधी माझं दुसरं नाव होतं, कधी आडनावाला जाऊन चिकटतं. त्या चिठ्ठीवर ते माझ्या नावाला चिकटलं होतं, मध्ये जागा न सोडता. मी सवयीने जागा सोडत होते. बाई माझ्या खांद्यावरून वाकल्या, चिठ्ठीवर नखाने रेघ ओढली आणि पुटपुटल्या, "जसं आहे तसं." जागा काढली आणि आत गेले. आम्ही दोघं मिळून, मी आणि बाबा, एका शब्दात एसएटीला बसलो.

बाई एरवी ऑफिसमधल्या, फार गप्पिष्ट, उशीर झालेल्यांना पास देणाऱ्या. आज त्यांच्या हातात छापील मजकूर होता आणि तो शब्दशः वाचायचा होता. त्या वाचायला लागल्या आणि परक्या झाल्या. कच्च्या कामाला कागद दिला. आधी खोलीचा कोड फळ्यावर लिहिला, मग सूचना, मग सुरू करायचा कोड. तो टाकला की ज्याचं त्याचं घड्याळ सुरू. इथे एक विचित्र गोष्ट होते. 'पेपर सुरू करा' असा एकत्र क्षणच नाही. कुणी पटकन टाईप करतो, कुणी चुकून पुन्हा करतो, आणि खोलीत पंचवीस घड्याळं काही सेकंद मागे-पुढे पळायला लागतात.

पहिला भाग वाचन-लेखनाचा. 32 मिनिटांचे दोन तुकडे, प्रत्येकात 27 प्रश्न. एकेक लहान उतारा, त्यावर एकच प्रश्न. नाशिकला सेमी-इंग्रजीत शिकलेल्या मला लांब उताऱ्यांची भीती होती, ती तरी वाचली. अर्धविरामाचे प्रश्न मात्र पुष्कळ. इंग्रजी अर्धविराम कुठे बसतो हे मला इथे येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, आणि इथल्या मुलांनाही सांगितलं नव्हतं असं नंतर कळलं. एक प्रकार मला आवडायचा. कुणा काल्पनिक विद्यार्थ्याने काढलेल्या चार-पाच टिपणी देतात आणि विचारतात की अमुक गोष्ट सांगायची असेल तर यातलं कुठलं वाक्य वापराल. उतारा न वाचता प्रश्न आधी वाचला की अर्धं काम झालं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून येत नसलं तरी काहीतरी टिचकी मारायचीच. जेईईत चुकलं की एक गुण जातो, त्यामुळे दादा सांगायचा की माहीत नसेल तर हात लावू नकोस. ही सवय मोडायला मला सरावाच्या वेळी त्रास झाला होता. रिकामं सोडलेलं उत्तर मला अजूनही सभ्यपणाचं वाटतं.

खरी गंमत दुसऱ्या तुकड्यात. पहिला तुकडा कसा सोडवलात त्यावरून ॲप ठरवतं की दुसरा अवघड द्यायचा की सोपा. सोपा आला तर समजायचं की वरच्या गुणांचा रस्ता बंद झाला. आता विचार करा, लहानपणापासून आपण काय शिकलो? पेपर सोपा असू दे रे देवा. इथे मी दुसरा तुकडा उघडला, पहिला प्रश्न झटकन सुटला आणि पोटात गोळा आला. दुसराही सुटला. गेलं, मी म्हटलं. तिसऱ्यात असा शब्द आला की तो मी जन्मात ऐकला नव्हता, आणि मला इतकं हायसं वाटलं की विचारू नका. पेपर अवघड आला म्हणून देवाचे आभार मानणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच असेन.

माझ्या डावीकडे जो मुलगा बसला होता तो संध्याकाळी टायरच्या दुकानात काम करायचा. त्याच्या नखांच्या कडा कायम काळ्या. त्याने पहिला तुकडा बाराएक मिनिटांत संपवला. लवकर संपला तरी पुढे जाता येत नाही, घड्याळ शून्यावर येईपर्यंत थांबावंच लागतं. त्याने हुडीचं टोपडं डोक्यावर ओढलं आणि चक्क झोपला. बाई दोनदा त्याच्याजवळून गेल्या. उठवायचं की नाही हे छापील मजकुरात बहुधा नसावं.

मग दहा मिनिटांची सुटी. क्रोमबुक उघडंच ठेवायचं, बाहेर जायचं, पेपरबद्दल बोलायचं नाही. कॉरिडॉरमध्ये सगळे फक्त एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत होते, दुसरा अवघड आला का, हे चेहऱ्यावरून कळतं का ते. मी संत्रं खाल्लं.

गणिताचे दोन तुकडे 35 मिनिटांचे, 22-22 प्रश्नांचे. पडद्यावरच डेस्मॉस नावाचं आलेख काढणारं कॅल्क्युलेटर, सगळ्या प्रश्नांना चालतं. सूत्रांचा तक्ताही तिथेच, एका टिचकीवर. हे मी आधी आईला सांगितलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे कॉपीच की!" बारावीला गणिताच्या पेपरात लॉगटेबल घेऊन बसलेली बाई ती. तिच्या वेळी इंजिनिअरिंगला सीईटी नव्हती, बारावीच्या पीसीएमच्या गुणांवर सगळं. दोन गुणांनी तिचं पुण्याचं कॉलेज हुकलं, आणि ते दोन गुण गणितात गेले याची तिला पक्की खात्री आहे.

त्यामुळे इथे आल्यावर गणित तीच घ्यायची माझं. अडचण एकच, ती मराठी माध्यमाची. मी सेमीची, मग एकदम अमेरिकेतली. ती म्हणायची विवेचक काढ, मी म्हणायचे काय काढू? (डिस्क्रिमिनंट.) ती म्हणायची चल, मी व्हेरिएबल. ती म्हणायची छेद, मी डिनॉमिनेटर. जेवणाच्या टेबलावर आमचा दुभाषा नसलेला शिखर परिषदेचा कार्यक्रम चालायचा.

सरावाच्या पेपरात एक जातीचा प्रश्न हमखास असतो. एक पॅराबोला, एक सरळ रेषा, दोन्ही एकाच बिंदूत भेटतात, तर अमक्या अक्षराची किंमत किती? डेस्मॉसमध्ये दोन्ही समीकरणं टाका, अक्षराला सरकपट्टी लावा, रेषा पॅराबोलाला नुसती टेकेपर्यंत ओढा. दहा सेकंद. आईला हे दाखवलं तेव्हा तिने पडद्याकडे अविश्वासाने पाहिलं, वही ओढली आणि दोन्ही समीकरणं एकमेकांसमोर मांडली. "एकाच बिंदूत भेटतात म्हणजे उत्तर एकच. उत्तर एकच म्हणजे विवेचक शून्य. टेकवत काय बसलीस?" तीन ओळींत उत्तर.

त्या दिवशी दुसऱ्या तुकड्यात एका प्रश्नाला मी सरकपट्टी ओढली. 6 च्या आसपास टेकत होती, पण नक्की 6 की किंचित कमी ते दिसेना. मोठं करून पाहिलं तर आणखी धूसर. उत्तर पर्यायांतून निवडायचं नव्हतं, स्वतः लिहायचं होतं. पाच मिनिटं राहिल्याची सूचना आली. मी पेन्सिल उचलली आणि कच्च्या कागदावर मराठीत लिहिलं, वि = 0. कागद नंतर गोळा करतात. कुणाच्या तरी हाती तो पडला असेल तर त्याला त्या 'वि'चं काय वाटलं असेल कोण जाणे.

संपलं. उत्तरं पाठवली गेली. लिफाफ्यातून फोन परत. जेवणाला टॅको होते.

मग सहावा तास. इतिहासाच्या सरांनी दिवा मालवून माहितीपट लावला आणि स्वतः ईमेल वाचत बसले. पेपर कसा गेला, हे मला त्या दिवशी शाळेत कुणीही विचारलं नाही. सातव्या तासाला नेहमीसारखा गृहपाठ. बसमधून उतरले तर आई दारात, आणि गॅसवर शिरा. "अवघड होता?" "होता." तिचा चेहरा पडला. मग तिला बसवून समजावलं की अवघड असणं चांगलं असतं. ते तिला पटलं नाही. शिरा मात्र तिने आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी वर्ककीज. हाही तेव्हा राज्याच्या चाचणीचाच भाग होता, अकरावीसाठी. त्यात कारखान्यात, दुकानात, दवाखान्यात लागतं ते विचारतात. तक्ता वाचा, नोटीस वाचा, अमुक चौरस फुटांना किती डबे रंग लागेल ते काढा. कॉलेजला जाणारी मुलं याची टर उडवतात आणि मीही उडवली. टायरवाला मुलगा मात्र त्या दिवशी जागा होता. सरळ बसलेला, टोपडं मागे. काही दिवसांनी प्रमाणपत्रं आली तेव्हा त्याला प्लॅटिनम होतं आणि मला गोल्ड. प्लॅटिनम म्हणजे सगळ्यात वरचं. माझा पाय आलेख वाचण्याच्या भागात घसरला होता. त्याने ते माझ्या डेस्कवर ठेवून म्हटलं, "टायर बदलायचा असेल तर सांग."

जोशुआ हायमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने मिशिगनच्याच आकड्यांवर केलेला अभ्यास मी नंतर कॉलेजात वाचला. परीक्षा सगळ्यांना सक्तीची होण्याआधी, कॉलेजला लायक गुण मिळवणारी दहा गरीब मुलं असली, तर तितकेच गुण मिळवू शकली असती पण परीक्षेलाच बसली नाहीत अशी आणखी पाच असायची. शनिवार, पैसे, लांबचं केंद्र, कामाची पाळी, कारणं साधी. वाचताना मला ती काळी नखं आठवली. त्याला एसएटीला किती पडले ते मला माहीत नाही. त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. काउन्सेलरने त्याला दोनदा बोलावलं होतं एवढं दिसलं. तो आता वेल्डिंग शिकतो आणि माझ्याआधी कमवायला लागलाय.

मला 1340 पडले, 1600 पैकी. गणितात 720, वाचन-लेखनात 620. माझ्या मते उत्तम. बाबांच्या मते उत्तम. आजीने विचारलं, "टक्के किती?" आईने काही वेळ आकड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दही-साखर न देता पाठवलं मी तुला." त्यात तक्रारीपेक्षा हिशेब होता. म्हणजे पुन्हा द्यायची.

ऑगस्टमधल्या शनिवारची जागा घेतली. 68 डॉलर. जवळची शाळा भरली होती, म्हणून चाळीस मिनिटांवरची. बाबा आदल्या संध्याकाळी गाडी काढून गेट बघून आले. जीपीएस असताना. आईने दोन दिवस आधी शेजारच्या मावशींकडून विरजण आणून दही लावलं, दुकानातलं तिला चालणार नव्हतं. सकाळी साडेसहाला स्वयंपाकघरात दिवा, हातावर दही-साखर, पाया पडणं. व्हिडिओ कॉलवर आजी, तिच्याकडे तेव्हा संध्याकाळ, मागे मामी. दारावर फोटो असलेलं ओळखपत्र मागितलं, मी पासपोर्ट काढून दाखवला, आणि मला फार बरं वाटलं. एकदाचं कुणीतरी मी मीच आहे का ते तपासलं. मी बाहेर आले तेव्हा आईबाबा पार्किंगमध्ये मेपलच्या झाडाखाली गाडीची डिकी उघडून बसले होते, मध्ये थर्मास.

या वेळी 1350 आले.

आईने आकडा पाहिला. मग बाबांकडे पाहिलं. "दहा," ती म्हणाली. "दह्याचे दहा."